शिवणखोलीला बाधलेली थंडी

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, असा विचार करण्यातच माझं एक वर्ष गेलं. आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारी मी. पाहुणे आले की सरबताचे ग्लास ठेवायचे आणि आत पळायचं, एवढंच माझं सामाजिक कार्य. त्यामुळे घरात काही फुटलं, सांडलं, बिघडलं, तर संशय माझ्यावर येत नाही. गप्प मुलगी काय बिघडवणार?

तर ऐका. मी नुसती गप्प राहून पाच दिवसांत एक मशीन बंद पाडली, एका इंजिनियरला वेड लावलं आणि एका सुताराशी त्याचं भांडण लावलं. आणि हे सगळं आईच्या भल्यासाठी.

तेव्हा मी नववीत होते. आम्ही कुवेतमध्ये फिंतासला राहायचो, पाचव्या मजल्यावर. एक हॉल, एक बेडरूम आणि इमारतीच्या मागच्या बाजूला एक बाल्कनी, जिथून दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. बाबा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनियर. आई नाशिकला असताना बायकांना शिवण शिकवायची. तीन मशिनी, पंधरा-वीस बायका आणि दारात चपलांचा ढीग. कुवेतला यायचं ठरलं तेव्हा तिने दोन मशिनी विकल्या आणि तिसरी, हाताने फिरवायची जुनी, मावशीकडे ठेवली. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मशीनवर बसली की आई गुणगुणायची. चाल कुठली ते ओळखू यायचं नाही, शब्द तर नसायचेच. लहानपणी मी त्या आवाजात, तिच्या पायाशी चिंध्यांच्या ढिगावर झोपून जायचे. कुवेतला आल्यापासून चार वर्षं ती एकदाही गुणगुणली नव्हती. स्वयंपाक करताना नाही, कपडे वाळत घालताना नाही. मला ते पुन्हा ऐकायचं होतं. पण असं काही आईला सांगता येतं का? मी तर सांगूच शकत नाही.

मग त्या वर्षी डिसेंबरात बाबांच्या एका मित्राचं सामान जहाजाने आलं आणि त्यात गोधडीत गुंडाळलेली आईची मशीन आली. आईने ती उघडली, हात फिरवला आणि म्हणाली, "हिला जागा हवी."

जागा म्हणजे बाल्कनी. आणि बाल्कनीची खोली करायची म्हणजे सावंतकाका.

सावंतकाका कुडाळजवळच्या एका गावचे. बाबांच्या रिफायनरीत कंत्राटावर सुतार होते आणि आठ जणांबरोबर एका खोलीत राहायचे. शुक्रवारी सुट्टी असली की आमच्याकडे जेवायला यायचे. त्यांनी तीन शुक्रवार खपून कुठून कुठून आणलेल्या जुन्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या, फटी बुजवल्या आणि मशीनसाठी एक टेबल केलं. आईने मजुरीचं विचारलं, तर पाठ न वळवता म्हणाले, "पैशाचा नाव काढू नकात, वहिनी. माज्या चेडवाक एक झबला शिवून दिया."

त्यांची मुलगी दहा महिन्यांची होती. काकांनी तिला पाहिलंच नव्हतं. ती पोटात असताना ते इकडे आले होते. आता त्यांना रजा मिळाली होती, गुरुवारी संध्याकाळचं विमान होतं आणि त्यानंतर चारच दिवसांनी संक्रांत. मुलीची पहिली संक्रांत, म्हणजे बोरनहाण, म्हणजे काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. दागिने गावी होणार होते. झबलं मात्र बापाने न्यायचं, असं काकांनी मनाशी धरलं होतं.

मापाचं काय? काकांनी पाकिटातून एक दोरा काढला. बायकोने पत्रात घालून पाठवला होता. त्याला तीन गाठी. "ही छाती, ही उंची, आनि हो हात," ते एकेका गाठीवर बोट ठेवून सांगत होते. मग त्यांनी तो दोरा स्वतःच्या मनगटाभोवती गुंडाळला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

आईने विचारलं, "पत्र यायला किती दिवस लागले?"

"पंदरा."

"मग दोन बोटं जास्त धरते. तेवढ्यात वाढली असेल."

काका त्या दोऱ्याकडे बघत राहिले. पोर पंधरा दिवसांत वाढते, हे त्यांच्या बहुतेक तेव्हाच लक्षात आलं.

काळ्या कापडाचं म्हणाल, तर कुवेतसारखं काळं कापड जगात कुठे मिळत नसेल. आम्ही सालमियाला गेलो. दुकानात भिंतभर नुसतं काळं, अबायासाठी, म्हणजे इथल्या बायकांच्या पायघोळ झग्यांसाठी. आईने सगळ्यात मऊ ठाण निवडलं आणि म्हणाली, "आधा मीटर. छोटे बच्चे के लिए." दुकानदाराची कात्री हवेतच थांबली. "बच्चे को काला? कौन गुजर गया, बहनजी?" आई त्याला संक्रांत समजावू लागली. तिळगूळ, पतंग, थंडी, सगळं. शेवटी त्याने गंभीर चेहऱ्याने कापड दिलं आणि वर एक पांढरी लेस फुकट दिली. सांत्वन म्हणून असावी.

राहिली थंडी. कुवेत म्हटलं की तुम्हाला उन्हाळा आठवतो. जानेवारीत येऊन बघा. वाळवंटावरून वारा सुटला की दात वाजतात. त्यात आमची बाल्कनी उत्तरेला, ऊन कधीच नाही. आई म्हणाली, हॉलमधला हीटर आत ठेवू. बाबांनी बाल्कनीत उभं राहून चारी बाजूंना नजर टाकली.

"कापड, लाकूड, बंद जागा आणि त्यात हीटर? आमच्या प्लांटवर याला परमिट मिळणार नाही."

"मग घरात फोडणी द्यायलाही परमिट काढत जाऊ का?" आई म्हणाली.

पण हीटर हॉलमध्येच राहिला. आई शिवणखोलीत बसणार ती स्वेटर, शाल, पायमोजे आणि बाबांची माकडटोपी घालून, असं ठरलं. ती तशी बसून बघतही होती. बँकेवर दरोडा घालायला निघालेली बाई दिसायची. तरीही तिचा चेहरा मी चार वर्षांत इतका उजळलेला पाहिला नव्हता.

आता माझा पराक्रम.

शिवणखोलीच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे काकांच्या विमानाच्या बरोबर आठवडाभर आधीच्या गुरुवारी, आई म्हणाली, "मृणू, मशीनला तेल घालून ठेव. सगळ्या भोकांतून नीट घाल." मशीनबरोबर आलेली तेलाची बाटली बघितली, तर रिकामी. सगळं तेल गोधडीने प्यायलेलं. मी खालच्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदार केरळचा, भला माणूस. "क्या चाहिए, मोळे?" मोळे म्हणजे त्यांच्या भाषेत पोरी.

मशीनचं तेल चाहिए. एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्यामागे चार माणसं उभी होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. निदान मला तसं वाटलं. मी समोर दिसलं ते बोटाने दाखवलं. ते खुबूसचं पाकीट होतं. इथल्या रोट्या.

घरी आले. खुबूस फडताळात ठेवलं. पुन्हा गेले. पुन्हा खुबूस घेऊन आले.

तिसऱ्यांदा जायची हिंमत नव्हती. मग मी विचार केला, तेल शेवटी तेल. आणि घरात त्या वेळी उत्तमातलं उत्तम तेल होतं. सावंतकाकांच्या गावच्या घाण्याचं खोबरेल, त्यांच्या बायकोने कुणाबरोबर तरी पाठवलेलं. काकांनी त्यातली अर्धी बाटली आईला दिली होती. मी रोज सकाळी केसांना तेच लावायचे. थंडीत ते दगडासारखं व्हायचं, म्हणून आधी बाटली गरम पाण्याच्या नळाखाली धरायची आणि पातळ करून घ्यायची. त्या दिवशीही धरली, छान पातळ केलं आणि मशीनच्या प्रत्येक भोकात, प्रत्येक दात्यावर, चाकाच्या आत, हात सैल सोडून ओतलं.

तुमच्या आत्ताच लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं. आणि सहामाहीत 'पदार्थाच्या अवस्था' या धड्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते.

हॉलमध्ये हीटरशेजारी मशीन लोण्यासारखी फिरली. आई म्हणाली, "वा, हात चांगला आहे तुझा." मी लाजून आत पळाले.

शुक्रवारी सावंतकाकांनी नारळ फोडला. मशीन गरम गरम बाल्कनीत गेली, आईने एका चिंधीवर पहिली शिवण मारली, सगळ्यांनी खोबरं खाल्लं. झबलं शनिवारी सकाळपासून, निवांत, असं आईने ठरवलं.

शनिवारी सकाळी चाक हललं नाही.

आईने जोर लावला. मग मी लावला. मग दोघींनी मिळून. मशीन ढिम्म. आई म्हणाली, "काल तर चालत होती." आणि माकडटोपी काढून मांडीवर घेऊन बसली.

संध्याकाळी बाबा आले. बाबांना बिघडलेली वस्तू दिली की त्यांचे डोळे चमकतात. मशीन हॉलमध्ये, हीटरशेजारी वर्तमानपत्रावर आली. त्यांनी आधी चहा घेतला, मग कागदावर तिचं चित्र काढलं, बाण काढले, संभाव्य कारणं लिहिली. तासाभराने एक स्क्रू सैल केला आणि चाक फिरवलं. फिरलं.

"अलाइनमेंट," बाबा म्हणाले.

मशीन पुन्हा बाल्कनीत. रविवारी सकाळी पुन्हा ढिम्म.

रविवारी संध्याकाळी बाबांनी तोच स्क्रू पुन्हा सैल केला. चाक फिरलं. सोमवारी सकाळी ढिम्म. आता बाबा आईशी कमी आणि मशीनशी जास्त बोलायला लागले. "हॉलमध्ये चालते आणि बाल्कनीत चालत नाही. म्हणजे दोष मशीनमध्ये नाही. दोष बाल्कनीत आहे." इथपर्यंत बाबा अगदी बरोबर होते. पुढचं वाक्य चुकलं. "सावंतने टेबल लेव्हलमध्ये केलेलं नाही."

हे फोनवर सावंतकाकांच्या कानावर गेलं. सोमवारी ड्युटी संपवून, बस बदलून, रंधा पिशवीत घालून माणूस हजर. त्यांनी टेबलावर लेव्हलची नळी ठेवली. पाण्यातला बुडबुडा बरोबर मधोमध.

"सायेब, टेबल सरळ आसा. बगा."

"मग मशीन अडते का?"

"तां माका काय म्हायत? तुमची बिल्डिंग वाकडी आसतली."

"बिल्डिंग वाकडी असती तर बुडबुडा हलला असता, सावंत."

"मगे तुमचो स्क्रू वाकडो."

दोघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायले. आई मधे बसून दोघांना बशीतले चिवड्याचे दाणे वाढत होती. आणि मी? दाराआडून सगळं ऐकत होते. मला वाटत होतं, मशीनचं वय झालंय, बिचारी.

मंगळवारी आई मला एकदम म्हणाली, "तिला इथे करमत नसेल गं." मी विचारलं, "कुणाला?" ती म्हणाली, "मशीनला." मग काळ्या कापडाची घडी तिने उगाचच पुन्हा घातली. "चार वर्षं आपण तरी कुठे..." मग म्हणाली, "झबलं हातानेच शिवते. नंतर हिला परत पाठवून देऊ नाशिकला. आणि ही खोली होईल बाबांना सामान ठेवायला."

त्या रात्री जेवताना आईची बोटं थंडीने आणि सुईने लाल झालेली दिसत होती. हातशिलाई, तीही बाल्कनीत बसून, हट्टाने. एक बाही झाली होती. गुरुवारचं विमान.

बुधवारी सकाळी सहा वाजता मी डोळे मिटून बाटली गरम पाण्याच्या नळाखाली धरली होती. पांढरं खोबरेल हळूहळू काचेपासून सुटलं, पिवळं झालं, पातळ झालं.

माझे डोळे उघडले.

मी बाटलीकडे बघितलं. बाल्कनीकडे बघितलं. पुन्हा बाटलीकडे. नळ चालूच होता. बाहेरून आई ओरडली, "मृणू, बस चुकेल." मी वेणी घातली आणि शाळेत गेले.

हो, न सांगता. तुम्हाला काय वाटलं, मी बाहेर येऊन भाषण केलं? दिवसभर मी वहीच्या मागच्या पानावर वाक्य लिहून खोडत होते. 'आई, मी एक गोष्ट सांगू का.' 'आई, मशीनबद्दल एक गंमत.' 'आई, खोबरेल...' घरी आले तर हॉलमध्ये सावंतकाका आधीच बसलेले. झबलं न्यायला आले होते. हातात निघायची बॅग बांधायची दोरी होती. आईने एक बाही आणि अर्धा गळा त्यांच्यासमोर ठेवला.

"एवढंच झालंय हो. थंडीत हात चालत नाही. उद्या सकाळपर्यंत काहीतरी करते."

काका म्हणाले, "ऱ्हवांदे, वहिनी. बाजारातला घेतंय एखादा." पण म्हणताना त्यांनी त्या बाहीत दोन बोटं घातली आणि बाहेर काढलीच नाहीत.

बाबांनी शेवटचा उपाय म्हणून मशीन पुन्हा हॉलमध्ये आणली होती. नाशिकला पाठवण्यापूर्वी एकदा पूर्ण उघडून बघू म्हणाले. ती हीटरला अगदी चिकटून होती. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

आणि सावंतकाकांनी मान वर केली.

"वहिनी, काय वाटण भाजतास?"

"नाही हो. गॅस बंद आहे."

"मगे हो वास खंयसून येता?" ते उठले. स्वयंपाकघरात डोकावले. माझ्याजवळून गेले, थांबले, माझी वेणी हुंगून बघितली, नाही म्हणाले आणि वळले. मग हळूहळू हीटरजवळ गेले आणि मशीनसमोर उकिडवे बसले. चाकाखालून तेलाचा एक थेंब खाली येत होता. काकांनी तो बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि बोट तिथेच राहिलं.

"हां आमच्या घाण्याचा तेल," ते म्हणाले. आवाज वेगळाच आला. "सायेब, हां आमच्या घरचा तेल."

बाबा म्हणाले, "मशीनमध्ये? ते कसं जाईल?"

कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. गप्प मुलगी काय करणार? मी दोन्ही हातांनी दप्तराचा पट्टा धरला आणि म्हणाले, "काका, मी घातलं. मशीनचं तेल मागायला लाज वाटली म्हणून. थंडीत गोठतं. हॉलमध्ये वितळतं. टेबल सरळ आहे. स्क्रूपण सरळ आहे."

घरातली माणसं सोडून मी कुणाशीच इतकं कधी बोलले नव्हते.

बाबांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "सायन्सला किती गुण होते तुला?"

"पंच्याण्णव."

"पाच कुठे गेले ते आज कळलं."

आधी सावंतकाका हसले. मग बाबा. आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला बसावं लागलं, आणि बसली ती मशीनसमोरच. तिने चाकाला हात लावला. फिरलं. बाबा लगेच फडकं आणायला उठले, तेल पुसून काढायला, पण काकांनी हात आडवा केला.

"आज पुसू नकात, सायेब. आज ऱ्हवांदे."

मग आईने हॉलमध्येच हीटरशेजारी झबलं शिवायला घेतलं. काका जमिनीवर भिंतीला टेकून बसले, डोळे मिटून. मशीन जशी तापत गेली तसा तो वास घरभर पसरला. काका मधेच म्हणाले, "आता आमच्याकडे सांजवात लावची वेळ." नुसतं चाक फिरत होतं. आणि दुसरी बाही लावताना, ओळखू न येणाऱ्या चालीत, आई गुणगुणायला लागली.

मी चिंध्या गोळा करायच्या निमित्ताने तिच्या पायाशी जाऊन बसले.

झबलं गेलं, आणि मग बाबांनी मशीन पुसून काढून तिला तिचं तेल घातलं. सावंतकाका महिन्याने परत आले ते फोटो घेऊन. काळं झबलं, पांढरी लेस, हलव्याचा मुकुट आणि आत एक रडकं, गुटगुटीत तोंड. "दोन दिस माज्याकडे येयना," काका म्हणाले. "तिसऱ्या दिसाक इली." दोन बोटं जास्त धरली होती तीही कमी पडली होती, झबलं पोटावर ताणलेलं दिसत होतं. आईने ते बरोबर पाहिलं.

"आनि बाईलमाणूस काय म्हणाला सांगू?" काका म्हणाले. "झबला हुंगल्यान आनि म्हणता, लोक कुवेतसून अत्तर हाडतत. तुमी आमचाच खोबरेल परत घेवन इलात?"

माझ्यासाठीही त्यांनी भेट आणली होती. दोन सारख्या बाटल्या, एकीत खोबरेल आणि दुसरीत मशीनचं तेल. एकीवर मोठ्या अक्षरात चिकटवलं होतं 'केसांक', दुसरीवर 'मशिनीक'. बाबांना ती पद्धत फार आवडली. तेलं नेहमी एकाच ठिकाणी, लेबल पुढे करून ठेवायची, असं म्हणून त्यांनी दोन्ही बाटल्या न्हाणीघरातल्या फळीवर शेजारी शेजारी लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, चष्मा न लावता, मी फळीवरून बाटली काढली आणि सवयीने गरम पाण्याचा नळ सोडला. पण बघते तर काय, तेल मुळी गोठलेलंच नव्हतं. तिरकी केली की भराभर हातावर येत होतं. बाल्कनीतून मशीनचा आवाज येत होता, त्यात आईचं गुणगुणणं मिसळलेलं होतं. मी भरपूर तेल डोक्यावर थापलं, घट्ट वेणी घातली आणि शाळेच्या बसकडे धावताना मनात म्हटलं, चला, संपली एकदाची थंडी.